मुंबई दक्षिण, 1952 ते 2024 : निकालांची नोंदवही कुठवर आली

मुंबई दक्षिणच्या 18 सार्वत्रिक निवडणुकांचे विजेते आणि त्यांचे पक्ष आता एका तक्त्यात बसले आहेत. 2009 पासूनच्या चार निवडणुका विधानसभा मतदारसंघांपर्यंत उतरवून झाल्या, आणि 2004 चा निकाल नव्या सीमांवर मांडून पाहण्याचं गणितही जमलं. नकाशाचं काम मात्र अजून 1976 च्या मागे गेलेलं नाही. अशीच नोंदवही दुसऱ्या शहरी मतदारसंघाची करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं खाली तपशिलात दिलं आहे.

आधी विजेते भरभर. 1952, 1957 आणि 1962 : स. का. पाटील. 1967 : जॉर्ज फर्नांडिस, संयुक्त समाजवादी पक्ष, केंद्रात रेल्वेमंत्री असलेल्या पाटलांना हरवून. 1971 : डॉ. कैलास. 1977 आणि 1980 : रतनसिंह राजदा. 1984, 1989, 1991 : मुरली देवरा. मग जयवंतीबेन मेहता 1996 ला, देवरा 1998 ला, पुन्हा मेहता 1999 ला. 2004 आणि 2009 मिलिंद देवरा. 2014, 2019, 2024 अरविंद सावंत. ही यादी कुठेही मिळते. पण तेवढ्यावर थांबलं तर ती चक्क दिशाभूल करते, कारण या सगळ्या निवडणुका एकाच मतदारसंघात झालेल्याच नाहीत. नाव टिकलं, जमीन बदलली.

म्हणून तक्त्याचा पहिला स्तंभ वर्षाचा नाही, सीमा-आवृत्तीचा ठेवला आहे. मतदारसंघांच्या सीमा ठरवणारे आदेश निघाले 1951, 1956, 1961, 1966, 1976 आणि 2008 साली. त्यानुसार निवडणुकांचे गट पडतात : 1952 एकटी, 1957 एकटी, 1962 एकटी, 1967 आणि 1971 एकत्र, 1977 ते 2004 एकत्र, 2009 ते 2024 एकत्र. टक्क्यांची चढउतार फक्त गटाच्या आतच मोजायची. गट ओलांडून रेघ ओढायची असेल तर ती तुटक काढायची, म्हणजे पाहणाऱ्याला सांधा दिसतो. मधला गट सगळ्यांत लांब आहे, कारण 1976 च्या आदेशाला 1971 ची जनगणना आधार होती आणि पुढे घटनादुरुस्तीने पुनर्रचना गोठवली गेली. तब्बल नऊ निवडणुका त्याच चौकटीत झाल्या.

2008 चा सांधा सगळ्यांत मोठा, आणि या टप्प्यातला बहुतेक वेळ त्यावरच गेला. त्याआधी मुंबई दक्षिणमध्ये कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल हे सहा विधानसभा मतदारसंघ होते. शेजारच्या दक्षिण मध्यमध्ये चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी, वरळी. जुन्या शहरातली वस्ती उपनगरांच्या मानाने घटत गेली, म्हणून मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा 17 वरून 10 वर आल्या. नव्या मुंबई दक्षिणमध्ये वरळी (182), शिवडी (183), भायखळा (184), मलबार हिल (185), मुंबादेवी (186) आणि कुलाबा (187) आले. मोजणीत सहा ते सहाच, पण प्रत्येक विधानसभा मतदारसंघ जवळपास दुप्पट. म्हणजे जुना दक्षिण अधिक जुन्या दक्षिण मध्यचा बहुतेक भाग. बाजारपेठांचा, गुजराती-मारवाडी पेढ्यांचा, मोहल्ल्यांचा मतदारसंघ होता, त्याला लालबाग-परळच्या गिरणगावाची जोड मिळाली. दक्षिण मध्य हे नाव पुढे धारावी, चेंबूर, अणुशक्ती नगर, सायन कोळीवाडा, वडाळा, माहीम या पट्ट्याला गेलं. त्यामुळे दक्षिण मध्यची जुनी आकडेवारी नव्या दक्षिण मध्यला जोडणं ही या छंदातली सर्रास दिसणारी चूक आहे.

मिलिंद देवरांच्या दोन विजयांचे आकडे शेजारी ठेवले की परिणाम लगेच कळतो. 2004 ला 1,37,956 मतं आणि जयवंतीबेन मेहतांवर 10,246 ची आघाडी. 2009 ला 2,72,411 मतं आणि 1,12,682 ची आघाडी. मतं दुप्पट झाली म्हणून लोकप्रियता दुप्पट झाली असं लिहिणारे लेख वाचायला मिळतात. मतदारसंघच दुप्पट झाला होता.

2004 चा निकाल नव्या सीमांवर मांडायची सोपी रीत अशी. दोन्ही जुन्या मतदारसंघांची मतं पक्षनिहाय नव्हे, आघाडीनिहाय बेरजेत घ्यायची. दक्षिणमध्ये युतीतर्फे भाजप होता, दक्षिण मध्यमध्ये शिवसेना. आघाडीतर्फे एकीकडे काँग्रेस, दुसरीकडे राष्ट्रवादी. पक्षनिहाय बेरीज केली तर चारही पक्ष अर्ध्या मतदारसंघातून गायब दिसतात. दक्षिण मध्यमध्ये शिवसेनेचे मोहन रावले राष्ट्रवादीच्या सचिन अहिरांपेक्षा 20 हजारांहून जास्त मतांनी पुढे होते, म्हणजे देवरांच्या दक्षिणेतल्या मताधिक्यापेक्षा अधिक. बेरजेत युती थोडी पुढे येते. त्याच निवडणुकीत अखिल भारतीय सेनेच्या अरुण गवळींना 92 हजारांवर मतं होती, ती कोणत्याच बाजूला न टाकता ‘इतर’ या स्वतंत्र ओळीत ठेवली आहेत. परळच्या कडेचा काही भाग नव्या सीमांबाहेर गेला असल्याने हा आकडा अंदाजीच मानायचा. तक्त्यात त्याला फिकट रंग दिला आहे, आणि तो कोणत्याही बेरजेच्या सूत्रात घेतलेला नाही.

या पायावरून 2009 पाहिलं की चित्र पालटतं. देवरा अनुकूल जागेवरून नव्हे, किंचित प्रतिकूल जागेवरून जिंकले. मनसेचे बाळा नांदगावकर 1,59,729 मतांसह दुसरे, शिवसेनेचे मोहन रावले 1,46,118 मतांसह तिसरे. दोघांची बेरीज 3,05,847, देवरांपेक्षा जास्त. ‘मतविभागणीमुळे सेना हरली’ हे वाक्य इथूनच निघालं. ते अर्धंच खरं मानावं लागतं. मनसेची सगळी मतं दुसऱ्या सेनेकडे गेलीच असती, असं बेरीज सिद्ध करत नाही. शिवाय 2014 ला नांदगावकर पुन्हा उभे होते, तरी सावंत सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. म्हणून टिपणाच्या स्तंभात ‘विभागणी’ असा शेरा न देता फक्त पहिल्या तिघांची मतं लिहिली आहेत.

पुढचे आकडे : 2019 ला सावंत 4,21,937, मिलिंद देवरा 3,21,870, फरक 1,00,067. 2024 ला सावंत 3,95,655, यामिनी जाधव 3,42,982, फरक 52,673. यातली 2024 ची ओळ विधानसभानिहाय पाहिल्याशिवाय समजतच नाही. मलबार हिल आणि कुलाब्यात जाधव पुढे, बाकी चारांत सावंत पुढे. भायखळा आणि मुंबादेवीची आघाडी मोठी, वरळीत मात्र सात हजारांच्या आतली. भायखळा हा जाधवांचा तेव्हाचा स्वतःचा विधानसभा मतदारसंघ, हे लक्षात घेतलं तर ती ओळ आणखी बोलकी होते.

आता पक्षांच्या खुणा. इथे नवखा माणूस हमखास अडतो. 1977 च्या अधिकृत अहवालात जनता पक्ष शोधला तर सापडत नाही, कारण उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर होते. राजदांची नोंद तशीच दिसते. 1971 ला काँग्रेस दोन आहेत, त्यातली संघटना काँग्रेस वेगळी. 1984 ला मुंबई उत्तर मध्यमध्ये मनोहर जोशी कमळावर लढले, म्हणून अहवालात ते भाजपचे. त्याच वर्षी दक्षिण मध्यमधून निवडून आलेले दत्ता सामंत अपक्ष. 2024 ला धनुष्यबाण यामिनी जाधवांकडे आणि मशाल सावंतांकडे. यावर तोडगा एकच : दोन स्तंभ ठेवायचे. ‘अहवालातील पक्ष’ जसाच्या तसा, त्याला हात लावायचा नाही. ‘राजकीय गट’ हा आपला, आणि तो का ठरवला याची एक ओळ बाजूला. दोन्ही एकाच स्तंभात कोंबले की वर्षभराने कोणती दुरुस्ती आपली आणि कोणती मूळची, ते कळत नाही.

1952 आणि 1957 चे शेजारी मतदारसंघ भरताना द्विसदस्यीय जागांची काळजी घ्यावी लागते. मुंबई शहर दक्षिण एकसदस्यीय होता, त्यामुळे आपला तक्ता सुटतो. पण 1952 चा मुंबई शहर उत्तर द्विसदस्यीय होता, आणि तिथेच राखीव जागेवर नारायण काजरोळकरांनी (1,38,137) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना (1,23,576) हरवलं. प्रत्येक मतदाराला दोन मतं असल्याने एकूण मतं भागिले मतदार केलं तर टक्केवारी भलतीच निघते. दोनाने भागलं तर ती कमी निघते, कारण काहींनी एकच मत दिलेलं असतं. अशा जागी टक्केवारीचा रकाना मोकळा ठेवणं उत्तम. 1961 च्या कायद्याने या जागा रद्द झाल्या, म्हणजे 1962 पासून ही भानगड संपते.

मतदान केंद्रनिहाय काम नमुना 20, म्हणजे केंद्रवार मतांच्या अंतिम निकालपत्रकावरून चालतं. पानं बहुधा स्कॅन केलेली असतात, आणि अक्षरओळख लावली की 3 चा 8 होतो, 1 चा 7 होतो, शून्याची जागा रिकामी असेल तर पूर्ण ओळ एक घर डावीकडे सरकते. उपाय असा : प्रत्येक ओळीत सगळ्या उमेदवारांची मतं अधिक ‘नोटा’ ही बेरीज छापील एकूण आकड्याशी पडताळायची, मग प्रत्येक स्तंभाची बेरीज पानाखालच्या आकड्याशी. फरक 9 ने भागला जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाल्याचा संशय घ्यावा. फरक 5, 50 किंवा 500 असेल तर 3 आणि 8 ची अदलाबदल. फरक 6 किंवा 60 असेल तर 1 आणि 7. प्रदत्त मतांचा (आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर मतदाराने दिलेल्या वेगळ्या मतांचा) स्तंभ बेरजेत धरायचा नाही. टपाली मतं पूर्ण लोकसभा मतदारसंघासाठी वेगळ्या ओळीत येतात, म्हणून सहा विधानसभांची बेरीज अंतिम आकड्यापेक्षा कमी भरणारच. ती तूट टपाली मतांइतकीच भरली की तो उमेदवार पक्का.

केंद्र क्रमांकांवर विसंबून 2014 आणि 2019 जोडू नये. मतदार याद्यांचे भाग फुटतात, जुळतात, केंद्रं इमारत बदलतात. जोडायचं तर यादीच्या भागातल्या रस्त्यांच्या नावांवरून, आणि तेही न जमलं तर विधानसभेच्या पातळीवर थांबावं. कागदी मतपत्रिकांच्या काळासाठी तर केंद्रनिहाय आकड्यांचा हट्टच सोडावा. काही निवडणुकांत मोजणीआधी मतपत्रिका मिसळण्याची तरतूद होती, त्यामुळे ते सलग मिळत नाहीत. 2004 पासून सर्वत्र यंत्रं आली, तिथून पुढेच हा रस्ता मोकळा आहे.

टक्के काढताना भाजक ठरवून घ्या. 2014 पासूनच्या लोकसभा निकालांत ‘नोटा’ धरून टक्के दिलेले आढळतात, त्याआधी हा प्रकारच नव्हता. तुलनेसाठी नोटा वगळून वैध मतांवर टक्के काढले आहेत. अनामत रकमेचा हिशेबही त्याच वैध मतांवर : एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं हवीत, बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी रक्कम जप्त.

नकाशासाठी क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 2008 ची सीमा पूर्ण झाली आहे : महापालिकेचे ए ते ई हे वॉर्ड, शिवाय एफ दक्षिण आणि जी दक्षिणचे भाग. आधार 2001 च्या जनगणनेच्या विभागांचा घ्यावा लागतो. महापालिका निवडणुकीचे प्रभाग वापरू नयेत, त्यांच्या हद्दी आणि क्रमांक फेररचनेत बदलत राहतात. 1976 ची सीमा सध्या रस्त्यांच्या वर्णनावरून ओढली जात आहे, आणि उमरखाडी-नागपाडा यांच्यामधली रेघ तेवढी बाकी आहे. त्यानंतर 1966 चा आदेश. त्यासाठी त्या काळातले महापालिकेच्या वॉर्डांचे रस्तानिहाय नकाशे लागतील. कुणाकडे त्यांच्या स्वच्छ प्रती असतील तर 300 डीपीआयला, चारही कोपरे आणि मोजपट्टी दिसेल अशा स्कॅन कराव्यात. कोपरे कापले गेले तर नकाशा भूसंदर्भाला, म्हणजे जमिनीवरच्या खऱ्या स्थानांशी जुळवायला, बसत नाही.