मी अजून डिस्कच घेतो

माझ्या कपाटात, आईच्या पापडांच्या डब्याशेजारी, पीएस४ या गेम कन्सोलच्या, निळ्या कव्हरच्या अकरा गेम डिस्क उभ्या आहेत. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची तर जोडी आहे: एक डिस्क इन्स्टॉलची, एक खेळायची. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये सेकंडहँड घेतली. दुकानदाराने उजेडात तिरपी धरून एक-एक ओरखडा दाखवला, मग भाव ठरला. माझा गेम खेळून झाला की डिस्क भुसावळच्या मावसभावाकडे जाते, त्याची माझ्याकडे येते. एका डिस्कवर दोन घरं खेळतात. डाउनलोड केलेली डिजिटल कॉपी अशी कुणाच्या हातावर ठेवता येत नाही.

मागच्या मे महिन्यात सेलमध्ये एक गेम डाउनलोडला लावला. नव्वद जीबी. आमच्या गल्लीत भर दुपारी लाइट जाते, की वायफायही गेलं. तीन दिवस लागले. आणि एवढं करून हाती येतो तो फक्त खेळण्याचा परवाना, मालकी नाही. हे मला फार खुपतं.

अर्थात डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, तेव्हा डिस्कवाल्यांचाही खेळ संपला, कारण तो गेम ऑनलाइनच चालायचा. म्हणून आता घेण्याआधी मी आधी विचारतो, नेटशिवाय चालतो का?

धाकटा भाऊ म्हणतो, पीएस५ डिजिटलवाला, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला घेऊ, स्वस्त पडतो. मग या अकरा डिस्क कशात घालू? ड्राइव्हवालाच घ्यायचा. दिवाळीपर्यंत पैसे जमतील. तोवर भुसावळहून क्रिकेटची डिस्क यायची आहे.