तुम्ही विचारलंत म्हणून: गोथम बाउल का बुडाला?

गोथम बाउल म्हणजे न्यूयॉर्कमध्ये (गोथम हे त्याचं टोपणनाव) १९६१ आणि १९६२ मध्ये भरलेला कॉलेज फुटबॉलचा सामना. दोनच वर्षं चाललेल्या या सामन्यात एवढं काय आहे, हे मला नेहमी विचारलं जातं. भारतातून फोन करणारे विचारतात, आणि इथे लिंकनमध्ये, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या गावात वाढलेली मराठी पोरंसुद्धा विचारतात. त्यांचा दुसरा प्रश्न जास्त नेमका असतो: न्यूयॉर्कसारख्या शहरात भरणारा सामना बंद पडतोच कसा? म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

या खेळाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकी फुटबॉल) नेहमीचा मोसम संपला की चांगल्या खेळलेल्या दोन संघांना एखादं शहर पाहुणे म्हणून बोलावतं आणि त्यांचा एकच सामना भरवतं. तो बाउल. पहिला मान पासाडेनाच्या रोझ बाउलचा. १९०२ मध्ये तिथे मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं होतं. १९३५ मध्ये मयामीचा ऑरेंज आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल सुरू झाला, १९३७ मध्ये डॅलसचा कॉटन. ही गावं नकाशावर शोधा, सगळी उबेची आहेत. तुमच्याकडे बर्फ पडतंय, आमच्याकडे ऊन आहे, या, चार दिवस हॉटेलात राहा, पैसे खर्च करा, असं ते आमंत्रण होतं. फुटबॉल हे निमित्त. आपल्याकडच्या जत्रेसारखंच: देव कुठलाही असो, गावात मानकरी असतात, त्यांची इभ्रत आणि दुकानदारी दोन्ही तिच्यात गुंतलेली असते, म्हणून जत्रा दरवर्षी भरते.

न्यूयॉर्कला यातलं काय हवं होतं? डिसेंबरात तिथली हॉटेलं नाताळच्या पाहुण्यांनी अशीच भरलेली असतात. व्यावसायिक फुटबॉलचा जायंट्स संघ घरचा होता आणि तेव्हा जोरात होता. अशा शहरात बाउल भरवायची कल्पना काही उत्साही मंडळींना सुचली. पहिला सामना १९६० मध्येच व्हायचा होता. ओरेगन स्टेट ही युनिव्हर्सिटी यायला तयार होती, पण तिच्यासमोर उभा करायला दुसरा संघच मिळाला नाही. नवरा मांडवात, नवरीचा पत्ता नाही. तिथेच शहाणा माणूस थांबला असता.

१९६१ चा सामना मात्र झाला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या जुन्या मैदानावर ९ डिसेंबरला टेक्ससच्या बेलरने तोवर एकही सामना न हरलेल्या यूटा स्टेटला २४-९ ने हरवलं. हरलेल्या संघात मर्लिन ओल्सन होता, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिग्गज ठरलेला. प्रेक्षक १५,१२३. मैदानात पन्नास हजारांहून जास्त माणसं मावत. आता तुम्हीच सांगा, टेक्सस आणि यूटाच्या कॉलेजांचा सामना पाहायला मॅनहॅटनच्या माणसाने कडाक्याच्या थंडीत घराबाहेर का पडावं?

पुढच्या वर्षी मैदान आणखी मोठं घेतलं, यांकी स्टेडियम. तारीख १५ डिसेंबर १९६२, संघ नेब्रास्का आणि मयामी. इथून ही कथा माझ्या गावाची होते.

तोवर नेब्रास्का दोनच बाउल खेळली होती आणि दोन्ही हरली होती. १९६१ चा मोसम तर तीन विजयांवर आटोपला होता. मग वायोमिंगहून बॉब डेव्हेनी प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी संघ जिंकत सुटला. न्यूयॉर्कचं बोलावणं आलं, पण आयोजकांच्या खिशाबद्दल इथे फारसा भरवसा नव्हता. खर्चाचे पैसे खरोखर आल्याची खात्री होईपर्यंत संघाचं विमान लिंकनहून हललं नाही. हा किस्सा इथली म्हातारी माणसं अजून खुसखुशीत करून सांगतात. मला त्यात शेतकऱ्यांच्या राज्याचा रोखठोक स्वभाव दिसतो. आधी पैसे, मग धान्य.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये ८ डिसेंबरपासून वर्तमानपत्रांचा संप सुरू झाला होता. छपाई कामगारांचा तो संप पुढे ११४ दिवस चालला. म्हणजे सामन्याच्या आठवड्यात शहरातली मोठी वर्तमानपत्रं बंद. जाहिरात नाही, बातमी नाही, खेळाडूंच्या मुलाखती नाहीत. वर थंडी उणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपास. साठ हजारांहून अधिक खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये ६,१६६ माणसं. सगळेजण संपाला दोष देतात, पण मला ते पटत नाही. आदल्या वर्षी वर्तमानपत्रं चालू होती, तेव्हा तरी मैदान कुठे भरलं होतं?

सामना मात्र असा झाला की बघणाऱ्यांचा हेवा वाटावा. मयामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, जॉर्ज मीरा त्या थंडीतही चेंडू फेकतच राहिला, एकूण ३२१ यार्ड. नेब्रास्काच्या विली रॉसने किकऑफचा, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने उडवलेला, चेंडू पकडून ९२ यार्ड धाव घेतली ती थेट टचडाउन, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. शेवटी नेब्रास्का दोनच गुणांनी पुढे, चेंडू मीराच्या हातात, आणि त्याचा पास बॉब ब्राउनने मधल्यामध्ये उचलला. नेब्रास्का ३६, मयामी ३४. सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या मीराला मिळाला, आणि ते योग्यच झालं. नेब्रास्काचा तो बाउलमधला पहिला विजय. त्यापाठोपाठ डेव्हेनींच्या हाताखाली १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं आली, त्यामुळे लिंकनमध्ये गोथम बाउलला कोणी हसत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. त्याच मोसमात, ३ नोव्हेंबर १९६२ ला, मिझुरीविरुद्धच्या सामन्याला लिंकनचं स्टेडियम तिकीट न तिकीट विकलं जाऊन भरलं. त्या दिवसापासून नेब्रास्काच्या घरच्या मैदानावर प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली जातात. साठ वर्षं उलटून गेली, खंड नाही. म्हणजे ज्या संघासाठी गावाने ही न मोडणारी रांग लावली, तोच संघ सहा आठवड्यांनी जगातल्या एका मोठ्या शहरात रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. थंडी लिंकनमध्येही काही कमी नसते.

१९६२ नंतर गोथम बाउल झालाच नाही. त्याच १५ डिसेंबरला फिलाडेल्फियात लिबर्टी बाउल झाला होता, आणि तिथे खेळायला होती ती ओरेगन स्टेट, १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोडीदार न मिळालेली! लिबर्टी बाउलचेही थंडीने हाल होत होते. एक वर्ष त्यांनी अटलांटिक सिटीत छताखाली खेळून पाहिलं आणि १९६५ मध्ये सरळ मेम्फिसला मुक्काम हलवला. मेम्फिसला तो हवा होता, म्हणून अजून चालू आहे.

न्यूयॉर्कमध्ये पुन्हा बाउल आला तो २०१० मध्ये, नव्या यांकी स्टेडियममध्ये, पिनस्ट्राइप बाउल. पहिल्याच सामन्यात सिरॅक्यूजने कॅन्सस स्टेटला हरवलं, ३६-३४. हो, तोच गुणफलक, मीही दोनदा तपासला. थंडी तीच, शहरही तेच, पण या वेळी घरचा मानकरी होता: सामना भरवणारे खुद्द यांकी या बेसबॉल क्लबवाले, आणि सामन्याला नाव त्यांच्या रेघारेघांच्या गणवेशाचं. शिवाय आता टीव्हीला डिसेंबरभर दाखवायला सामने लागतात, देशभरात चाळीसच्या आसपास बाउल होतात, स्टेडियम अर्धं रिकामं असलं तरी कुणाचं दिवाळं निघत नाही. गोथमवाल्यांना यातलं काहीच मिळालं नाही.