जास्वंदीचे पराग घेऊन एसईएमच्या दारी

कराडहून सकाळची एसटी धरून मी आणि एम.एस्सी.च्या दोन मुली एसईएमसाठी (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनने बघणारं यंत्र) कोल्हापूरला उतरलो, तेव्हा पिशवीत डबे होते आणि जास्वंदीचे ताजे पराग. डबे कामी आले.

"मॅडम, ओलं आहे हे," ऑपरेटर बघताक्षणीच म्हणाले. हवेच्या रेणूंवर आपटून इलेक्ट्रॉन भरकटतात, म्हणून यंत्राच्या आत निर्वात पोकळी लागते. ओला नमुना ठेवला तर वाफ सुटून व्हॅक्यूम नीट लागत नाही, परागही चेपतो. दरवर्षी वर्गात हेच शिकवते मी! नशीब, एका मुलीने सिलिका जेलमध्ये वाळवलेले परागकोश बटर पेपरच्या पुडीत आणले होते. तेव्हा नमुने आठवडाभर आधीच वाळवा, आणि जास्तीची पुडी ठेवा.

स्टबवर (नमुना बसवायची धातूची छोटी चकती) कार्बन टेप, त्यावर पराग, वरून सोन्याचं काही नॅनोमीटर जाडीचं कोटिंग. कोटिंग नसेल तर पृष्ठभागावर विद्युतभार साचून चित्र पांढरंफट्ट होतं. स्टबवर कुठे काय लावलंय त्याचा कच्चा नकाशा वहीत काढून ठेवा. आत गेल्यावर सगळे ठिपके सारखेच दिसतात.

मग पडद्यावर जास्वंदीचा पराग आला, काट्यांनी भरलेला. हे काटे कॉलेजच्या मायक्रोस्कोपखालीही दिसतात, पण काट्याचं टोक फोकसमध्ये आणलं की बुंधा पुसट. इथे टोक, बुंधा, मधली जमीन, सगळं एकदम लख्ख. शिवाय दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू साध्या भिंगातून वेगळे दिसत नाहीत, कितीही मोठं करा. 15 किलोव्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नॅनोमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकी. भिंगं काचेची नाहीत, तारेच्या वेटोळ्यांतल्या चुंबकीय क्षेत्राची. 1931 साली बर्लिनमध्ये रुस्का आणि क्नोल या संशोधकांनी हीच युक्ती केली. (रुस्कांना नोबेल मिळायला 1986 उजाडलं.) भिंगं चुंबकीय, म्हणून चुंबकीय पावडर नेणार असाल तर आधी सांगा.

"मॅडम, पिवळा रंग कुठे गेला?" एकीने विचारलं. इलेक्ट्रॉनची शलाका नमुन्यावरून ओळीओळीने फिरते आणि प्रत्येक बिंदूतून किती इलेक्ट्रॉन बाहेर आले तेवढंच डिटेक्टर मोजतो. त्यात रंग नसतो. नेटवरची रंगीत चित्रं मागाहून रंगवलेली.

परागाच्या आतलं मात्र इथे दिसत नाही. त्यासाठी टीईएम (नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार सोडणारा मायक्रोस्कोप) आणि 100 नॅनोमीटरहून पातळ काप लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) 2020 मध्ये कोरोना विषाणूचं चित्र घेतलं ते टीईएमवरच.

यंत्राची वेळ तासाच्या हिशोबाने मिळते. कोणता भाग, किती पट, हे घरूनच लिहून न्या, आणि ते साध्या मायक्रोस्कोपवर आधी बघून ठरवा. पेनड्राइव्ह चालतो का, विचारून घ्या. एसी कडक असतो, स्वेटर न्या. आणि ऱ्हिओ या बागेतल्या झाडाच्या पुंकेसरावरच्या केसांत, पेशींच्या आत वाहणारं जीवद्रव्य बघायचं असेल, तर एसटीचं तिकीट काढू नका. ते जिवंतच बघायचं असतं, कॉलेजच्याच मायक्रोस्कोपखाली, पाण्याच्या थेंबात.