खलातला गोटा

दुपारी चहासाठी आलं ठेचताना हात थांबला. खलाच्या बुडाशी बोट फिरवलं, तर तिथे चांगलीच वाटी झालेली. घेतला तेव्हा तळ जवळजवळ सपाट होता. पक्कं आठवतंय, कारण मिरे कडेला पळायचे आणि मी त्यांच्यावर चिडायचे. आता पळत नाहीत. मुकाट्याने मध्ये येऊन बसतात.

खलाचा मूळ बत्ता घर बदलताना हरवला. तेव्हापासून ठेचायचं काम एका काळ्या गोट्याकडे आहे. पेरूएवढा, हातात बरोबर बसणारा. आणि चोरीचा.

सहावीत आमची सहल निघोजला गेली होती. भूगोलात तेव्हा ‘नदीचे कार्य : खनन, वहन व संचयन’ चालू होतं आणि ‘टिपा लिहा’मध्ये रांजणखळगे हमखास यायचे. पुस्तकातली आकृती बघून मला वाटलेलं, असतील पाच-सहा खड्डे. तिथे कुकडीचं अख्खं पात्रच पोखरलेलं. अलीकडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं निघोज, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, आणि मध्ये काळा खडक नुसता कोरून ठेवलेला. कुठे आमटीच्या वाटीएवढा खळगा, कुठे आख्खा माणूस आत उभा राहील एवढा. दोन शेजारचे रांजण मधली भिंत झिजून एकमेकांत फुटलेले, वाड्यातल्या वाटण्या मोडाव्यात तसे.

बाई सांगत होत्या. पुराच्या भोवऱ्यात एखादा दगड खडकाच्या खाचेत अडकतो. बाहेर पडता येत नाही, मग तिथेच गरागरा फिरत राहतो. खाच वाढते, खळगा होतो, खळग्याचा रांजण होतो. तो दगडही झिजून संपतो, पण पुढचा पूर नवा आणून टाकतो. खडक बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बाकीच्या मुली डबा कधी सोडणार ते विचारत होत्या. मी एका गुडघाभर खळग्याशी पालथी पडून आत हात घातला. कड उन्हाने तापलेली, आतली भिंत मात्र गार आणि गुळगुळीत. मडक्याला आतून कुंभाराच्या बोटांचे वळ असतात ना, तसे वळ हाताला लागत होते. तळाशी हिरवट पाणी, आणि पाण्यात हा.

बाईंनी काही उचलायचं नाही असं बजावलं होतं. मी तो रिकाम्या डब्यात घालून आणला. एसटीत तो सगळा रस्ता खडखडत होता.

घरी आजीला दाखवला तर ती म्हणाली, “अगं, हा तर वरवंट्याचा नातू!” तिला नद्यांचं काही कौतुक नव्हतं, पाट्याचं होतं. पाटा गुळगुळीत झाला की ती टाकीवालीची वाट बघायची. “पाट्याला टाकीऽऽ” अशी हाळी आली की मला पिटाळायची. मग ती बाई अंगणात बसून टक् टक् टक् करत पाट्याला बारीक खाचा पाडायची आणि आजी समोर बसून ‘इथे राहिलं, इथे राहिलं’ करायची. टाकी लावल्यावर पहिले दोन वेळा नुसते तांदूळ वाटून फेकून द्यायचे, कचकच जाऊ दे म्हणून. पण पाटा तरीही दर वर्षी मध्ये खोल होत गेला. तो खोल झालेला पाटा गेला कुठे, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, “कुठे जातोय? चटणीत.”

म्हणजे आम्ही तो खाल्ला. सगळ्यांनी, थोडा थोडा करून. मला तेव्हापासून चटणी खाताना उगीचच दाताखाली काहीतरी लागल्यासारखं वाटतं. डॉक्टर झालेल्या मावसभावाने यावर हसून घेतलंय.

निघोजच्या रांजणांतला खडक कुकडीने घोडीत नेला, घोडीने भीमेत, भीमेने कृष्णेत. तिथून बंगालच्या उपसागरात. हे सगळं पावसाळ्यातले काही दिवस काम करून. बाकी वर्षभर नदी आपली गप्प. आता तर वर येडगावचं धरण आहे, माणिकडोहचं आहे. पाणी सोडतील तेव्हा पूर.

आणि माझ्या त्या गुडघाभर खळग्यात? त्याची तर टाकीच मी पळवली. पुढच्या पुराने दुसरा गोटा आणून टाकला असेल, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलेय. नसेल टाकला, तर तो खळगा अजून गुडघ्याएवढाच असणार, आणि त्याचं जे खोल व्हायचं होतं ते माझ्या खलाच्या बुडाशी होतंय.

परत नेऊन टाकावा, असं दर उन्हाळ्यात मनात येतं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, “मग आलं कशाने ठेचणार?” मिक्सरमधलं आलं ह्यांना चालत नाही.

आज त्याला धुऊन, पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ३१२ ग्रॅम भरला. आणला तेव्हा वजन करून ठेवायला हवं होतं. आता आम्ही त्यातला किती प्यायलो, ते कळायला काही मार्ग नाही.