तुम्ही विचारलंत म्हणून: कप तर आला, मग शील्डसाठी अजून जीव का जाळतेस?

मे 2024 पासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. माझा क्लब मुंबई सिटी, इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमधला. तिथे लीगच्या पॉइंट टेबलमध्ये पहिला येणाऱ्याला शील्ड मिळायची आणि त्यानंतरच्या सेमीफायनल-फायनल जिंकणाऱ्याला कप. 15 एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानकडून हरून आमची शील्ड गेली होती. ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, माझा भाऊ तर दर महिन्याला विचारतो. "मुंबई सिटीने त्याच कोलकात्यात, त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानला 3-1 हरवून कप आणला. एकोणीस दिवसांत वचपा काढला. मग तू 15 एप्रिलचंच काय धरून बसलीयेस?" आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सगळं सांगते.

वचपा निघालेला नाही. त्या सीझनला शील्ड बावीस मॅचची होती. पावसाळा संपता संपता सुरू झाली आणि एप्रिलच्या उन्हात संपली. मधे दुखापती, निलंबनं, बदललेला कोच, सगळं आलं. आमचे देस बकिंगहॅम नोव्हेंबरात इंग्लंडला ऑक्सफर्डकडे गेले, पेत्र क्रात्की आले आणि संघाने तेही निभावलं. कपसाठी आम्ही फक्त तीन मॅच खेळलो. त्यातल्या पहिल्या सेमीफायनलला फातोर्ड्यात गोव्याविरुद्ध जवळजवळ नव्वदाव्या मिनिटापर्यंत 0-2 ने मागे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून जिंकलो. ती मॅच मी जन्मात विसरणार नाही. पण त्या मिनिटांवरून संघ वर्षभर कसा खेळला, हे कळत नाही. शिवाय आशियाई क्लब स्पर्धेत जायचं तिकीट तेव्हा शील्डवर मिळायचं. 2022 ला रियाधमध्ये इराकच्या एअरफोर्स क्लबला हरवताना मुंबईच्याच राहुल भेकेने हेडरने गोल केला होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. 2023 ला त्याच स्पर्धेच्या आमच्या घरच्या मॅच बालेवाडीत आणि नवी मुंबईत झाल्या, घरच्या-बाहेरच्या मिळून आम्ही सहाच्या सहा हरलो, तरी मी पुन्हा जायला तयार होते. 2024 ला मात्र कप घेऊन आम्ही घरी बसलो आणि बागान आशियात गेलं.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, कारण भाऊ तेच म्हणतो. मार्च 2021 ला बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल करून बागानविरुद्धची फायनल जिंकून दिली, तेव्हा मीच सगळ्यांना ऐकवत होते, की फायनल जिंकेल तोच चॅम्पियन. मग 2023 ला आम्ही सलग अठरा मॅच न हरता, दोन मॅच बाकी असतानाच, गोव्याला त्यांच्याच घरात 5-3 हरवून शील्ड घेतली आणि सेमीफायनलला बंगळुरूकडून पेनल्टीवर हरलो. तेव्हा मी म्हणायला लागले, खरं विजेतेपद शील्डचंच. म्हणजे जे हातात असेल ते खरं आणि निसटेल ते खोटं? यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. 2021 ला दोन्ही आमच्याकडे होतं, त्यामुळे निवडायची वेळच आली नव्हती, एवढंच म्हणू शकते. पण तेव्हाची मी आज समोर बसली, तर तिला माझं म्हणणं पटणार नाही.

त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. टेबल खरं मानायचं, तर ते आपल्या विरोधात गेलं तरी मानावं लागतं. बागान 48, आम्ही 47. वर्षभरात ते एका पॉइंटने सरस होते. आमच्या 47 मधलाही हिशेब सांगते. मार्चमधली जमशेदपूरची मॅच मैदानावर 1-1 अशी सुटली होती. त्यांनी नियमापेक्षा कमी भारतीय खेळाडू मैदानात ठेवले म्हणून ती आम्हाला 3-0 अशी दिली गेली. नियमाप्रमाणेच झालं, तरी ते दोन पॉइंट मोजताना मला बरं वाटत नाही.

शील्ड नेमकी कुठे हातची गेली हे शोधायला गेलं की मी 20 डिसेंबरला येऊन थांबते. अंधेरीत आम्ही बागानला 2-1 हरवलं. त्या एका मॅचमध्ये सात रेड कार्ड निघाली, त्यातली चार आमची. मी घसा बसेपर्यंत ओरडले होते. चारच दिवसांनी ते चौघे नसताना कोचीत केरळ ब्लास्टर्सकडून 0-2 हरलो, लीगमधला तो त्या सीझनचा आमचा पहिला पराभव. जिच्या आनंदात आम्ही डीएन नगरच्या बाजूने गात स्टेशनपर्यंत गेलो, त्याच मॅचने कोचीतले पॉइंट खाल्ले असतील का? मला तसं वाटतं. भाऊ म्हणतो, चौघे असते तरी हरला असतात.

आता 15 एप्रिल. सोमवार होता. मी दोन दिवस रजा टाकली आणि सकाळच्या विमानाने कोलकात्याला गेले. ड्रॉ झाला तरी शील्ड आमची होती, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आम्ही 47 वर होतो, ते 45 वर. आदल्या दिवशी त्यांचा पोयला बैशाख, म्हणजे बंगाली नववर्ष, झाला होता, हॉटेलच्या दारावर आंब्याची पानं अजून हिरवी होती. निळी जर्सी मी सुती शर्टाच्या आत घातली होती आणि सॉल्ट लेक स्टेडियमच्या गेटमधून आत गेल्यावरच वरचा शर्ट काढला. आम्ही मूठभर होतो, एका कोपऱ्यात. समोर साठ हजारांवर लोक, हिरवा आणि मरून. अंधेरीचं आमचं मैदान पूर्ण भरलं तरी यांच्या एका बाजूत मावेल. "जॉय मोहन बागान" सुरू झालं की पायाखालचं काँक्रीट थरथरायचं. हे मी चढवून सांगत नाही, पाण्याची बाटली पायाशी ठेवली होती, तिच्यातलं पाणी हलताना दिसत होतं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला बागानचा लिस्टन कुलासो, मूळचा गोव्याचा, डावीकडून आत आला आणि त्याने बॉल लांबच्या कोपऱ्यात वळवला. हाफटाइमला बाबांचा मेसेज आला: "एक गोल पुरे."

बाबांबद्दल इथेच सांगायला हवं. माझ्या लहानपणी ते मला रोव्हर्स कप या जुन्या फुटबॉल स्पर्धेला कुपरेज मैदानावर न्यायचे, खांद्यावर बसवून. बंगालचे मोठे क्लब यायचे आणि अर्धं कुपरेज त्यांच्याच बाजूने असायचं. 2005-06 ला मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा बाबांनी चाळीत पेढे वाटले होते. 2010 ला ती टीम बंद झाली. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, फक्त फुटबॉल बघायचं सोडलं. मुंबई सिटीच्या मॅच त्यांनी पुन्हा बघायला घेतल्या, त्या माझ्यामुळे. म्हणून कोणी मला म्हणालं, की 2014 ला जन्मलेला आणि 2019 ला परदेशी ग्रुपने घेतलेला क्लब, त्याचं एवढं काय, तर राग येतो. मुंबईत जुना क्लब टिकू दिला असतात तर मी त्याच्यासाठी रडले असते.

एक गोल पुरे. दुसऱ्या हाफमध्ये मी ते मनात म्हणत राहिले. पस्तीस मिनिटं आम्हाला फक्त एकच गोल हवा होता आणि तो होत नव्हता. ऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या कमिंग्सने दुसरा मारला. माझ्या शेजारचा मुलगा, विशीतला असेल, खाली बसला आणि त्याने स्कार्फ तोंडावर धरला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगतेने एक परत केला. साठ हजार माणसं एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत फक्त आमचा कोपरा ऐकू येत होता, मला माझा स्वतःचा आवाज ओळखू आला. पुन्हा तेच, एक गोल पुरे. लगेच त्यांच्या हॅमिलला रेड कार्ड दाखवलं गेलं. ते दहाजण, आम्ही अकरा. त्या इंज्युरी टाइममधला आमचा प्रत्येक क्रॉस मला अजून आठवतो, आणि शिट्टी वाजली तेव्हा बॉल कुठे होता ते मात्र आठवत नाही.

गर्दी ओसरेपर्यंत आम्हाला जागेवरच थांबवलं. त्यामुळे शील्ड उचलली जाताना पाहावी लागली. मी तोंड फिरवलं नाही. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ, मरून शाल खांद्यावर, माझी जर्सी बघून थांबले. काही बोलले नाहीत, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. मला ते आवडलं की नाही, मला आजही ठरवता आलेलं नाही.

4 मेच्या फायनलला मी कोलकात्यात नव्हते. रजा संपली होती, पैसेही. घरी बाबांबरोबर टीव्हीवर पाहिली. पुन्हा कमिंग्सनेच पहिला गोल केला. आमच्या दियाझने बरोबरी साधली आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला बिपिनने आम्हाला पुढे नेलं. मी ओरडत उठले. बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, "हा एकोणीस दिवस उशिरा आला गं." मग व्होइटुसचा तिसरा झाला, भेकेने कप उचलला, खाली कोणीतरी फटाके लावले, बहुतेक लग्नाचे. आम्ही दोघांनी फ्रिजमधलं श्रीखंड वाट्यांत काढून खाल्लं. भावाचा फोन आला, "आता तरी खूश?" मी हो म्हटलं, आणि होतेच खूश. फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, त्या जमशेदपूरच्या मॅचचे पॉइंट धरून आपले किती झाले होते. मी म्हटलं, सत्तेचाळीस.