खड्डा बुजवायची घाई करू नका

रस्ता खोदायला घेतला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मागच्याच वर्षी खोदला होता ना हो, आता परत कशाला?" मी केबल जॉइंटर, म्हणजे जमिनीखालच्या विजेच्या केबल जोडणारा माणूस आहे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या रस्त्यांखाली काम करण्यात गेली आणि हा प्रश्न मला कधीच वावगा वाटला नाही. विचारणाऱ्याच्या दारासमोर चर पडलेला असतो, घरातली म्हातारी माणसं फळीवरून जीव मुठीत धरून ये-जा करत असतात. त्यांना खरं उत्तर मिळायला हवं. कामाच्या गडबडीत ते देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गिरगाव, भुलेश्वर, लालबाग, दादर कुठेही जा, डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या दिसणार नाहीत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची वितरणाची वीज जमिनीखालून फिरते. १९०५ साली जी कंपनी स्थापन झाली, ती वीज आणि ट्राम दोन्हींसाठी होती. आजची बेस्ट ती हीच. विजेची ट्राम १९०७ला आली, १९६४ला ट्राम कायमची बंद झाली, पण तिचे रूळ अजूनही एखाद्या खोदकामात वर येतात. मग विचार करा, त्याच मातीत आणखी काय काय असेल. पाण्याची जुनी बिडाची लाइन, गटार, गॅसचा पाइप, टेलिफोनच्या तांब्याच्या केबल, त्यावर इंटरनेटवाल्यांचे नारिंगी-निळे पाइप, आणि या सगळ्यांतून वाट काढत गेलेल्या आमच्या केबल. जेसीबीने दोन मिनिटांत होणारं काम आम्ही कुदळ-फावड्याने करतो, ते याचसाठी.

जुनी केबल म्हणजे आमच्या भाषेत पेपर केबल. वरून डांबरात भिजवलेलं ताग, त्याखाली पोलादी पट्टी, त्याखाली शिशाचं आवरण, आणि आत तेल मुरवलेल्या कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले तीन कोअर, म्हणजे वीज नेणारे धातूचे तीन गाभे. शिसं अलगद चिरून उघडलं की त्या तेलाचा एक गोडसर वास येतो. कागद चांगला असेल तर बोटाला चिकट लागतो आणि पट्टी सलग उलगडत येते. मी अशा केबल उघडल्यात की घालणारे लोक कधीच निवृत्त झाले असतील, पण आतला कागद तुकतुकीत. त्या काळच्या कामाला मी मनापासून मानतो. पण शिशाला बारीकशी चीर पडली तरी कागद ओल शोषतो. उतारावरच्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट होते, वरच्या टोकाचं तेल वर्षानुवर्षं खाली उतरत राहतं आणि वरचा कागद कोरडा पडतो. कागदातलं तेल गेलं की इन्सुलेशनची, म्हणजे वीज आत अडवून धरायची ताकद गेली.

नवी एक्सएलपीई केबल सुक्या प्लास्टिकच्या इन्सुलेशनची. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या पेपर केबलचा कंडक्टर (आतला वीज नेणारा धातू) ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू द्यायचा, एक्सएलपीईचा ९० अंशांपर्यंत चालतो. म्हणजे त्याच जाडीच्या धातूतून जास्त करंट नेता येतो. चाळीच्या जागी टॉवर उभे राहिले, प्रत्येक खोलीत एसी आला, तो भार जुन्या केबलने कुठवर ओढायचा? केबलची उष्णता भोवतालची माती शोषून घेते, आणि कोरडी माती हे काम नीट करत नाही. मे महिन्यात भार सगळ्यांत जास्त आणि माती सगळ्यांत कोरडी, हे दोन्ही एकदमच येतं. १९९८ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला ऐन उन्हाळ्यात शहराच्या मध्यवर्ती भागाला वीज देणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक गेल्या, आणि तिथले व्यवहार पाच आठवडे विस्कळीत झाले. एका साइटवर आमच्या इंजिनिअर साहेबांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे जॉइंटर गप्पच झालो होतो.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं, केबल बदलली म्हणजे जुनी काढली आणि नवी टाकली. प्रत्यक्षात फार वेळा तसं होत नाही. फॉल्ट आला, म्हणजे केबल एखाद्या जागी बिघडली, की तेवढा तुकडा कापायचा, मधे नवा तुकडा घालायचा, दोन्ही टोकांना जॉइंट करायचे. एका फॉल्टमागे दोन जॉइंट वाढले. पुढचा फॉल्ट बहुतेक वेळा जवळपासच्याच जॉइंटमध्ये. माझं स्पष्ट मत आहे की एका सबस्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत सलग केबल बदलावी, ठिगळं लावू नयेत. पैसा आज जास्त लागतो, पण रस्ता पुन्हा पुन्हा खोदावा लागत नाही.

केबल कारखान्यात मशीनवर बनते, तपासून ड्रमवर चढते. जॉइंट मात्र रस्त्याच्या कडेला, धुळीत, हाताने करावा लागतो. शहराच्या विजेचा भरवसा या हाताच्या कामावर आहे.

कामाची सुरुवात होते ती केबल ओळखण्यापासून. एका खड्ड्यात तीन-चार केबल शेजारी शेजारी असतात, सगळ्या सारख्याच काळ्या. सप्लाय बंद करून, अर्थ करून म्हणजे केबल जमिनीशी जोडून, पलीकडच्या टोकाने सिग्नल सोडतात आणि इकडे तो ऐकून केबल हेरायची. तरीही लगेच करवत लावायची नाही. आधी स्पाइक करायची. यंत्र केबलवर आवळून बसवायचं, सगळ्यांना वर काढायचं, आणि लांबून बार उडवायचा. पोलादी खिळा केबलच्या आत घुसतो. चुकून केबल चालू असेल तर जो भडका उडायचा तो माणूस लांब असताना उडतो. माझे उस्ताद म्हणायचे, "नकाशावर विश्वास ठेव, मुकादमावर ठेव, पण स्पाइक केल्याशिवाय हात लावू नकोस." हा नियम मी एकदाही मोडलेला नाही आणि हाताखालच्या पोरांना मोडू देत नाही.

जुनी पेपर केबल आणि नवी एक्सएलपीई यांचा जॉइंट सगळ्यांत अवघड. आधी कागदाची ओल तपासायची. पट्टीचा एक तुकडा हाताने न शिवता, चिमट्याने कढत तेलात सोडायचा. गप्प राहिला तर कागदात पाण्याची ओल नाही. तडतडला, फेस आला तर ओल आहे, आणखी मागे कापत जायचं, जोवर तडतड थांबत नाही तोवर. कधी कधी कापता कापता खड्डाच वाढवावा लागतो आणि साइटवर सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत. ओला कागद आत ठेवून केलेला जॉइंट टिकत नाही. मग प्रत्येक कोअरवर नळी चढवून तेल अडवायचं, कारण ते नव्या बाजूला झिरपलं तर सगळं काम वाया.

नव्या बाजूची नजाकत वेगळी. पांढऱ्या इन्सुलेशनवर काळ्या सेमीकंडक्टरचा, म्हणजे थोडीफार वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचा पातळ थर असतो. तो ठरलेल्या मापापर्यंत काढायचा, पण खालच्या पांढऱ्यावर सुरीचा ओरखडा उमटता कामा नये. ओरखड्यात हवा राहते, हवेत बारीक बारीक डिस्चार्ज, म्हणजे ठिणग्यांसारखा प्रकार सुरू होतो, आणि वरून काही न दिसता आतून इन्सुलेशन खात जातो. पॉलिश पेपरने घासून पांढरा भाग गुळगुळीत करायचा. मग पुसायचं, तेही नेहमी कंडक्टरकडून काळ्या थराकडे. उलट पुसलं तर काळ्याचे कण पांढऱ्यावर पसरतात. फडकं एकदा फिरवलं की टाकायचं, दुसरं घ्यायचं. नव्या पोराचा हात मी इथे बघतो. तेच फडकं तो परत फिरवतो का, एवढ्यावरून मला कळतं की हा जॉइंटर होणार की नाही.

या कामाला सहा-सात तास लागतात. आणि नेमके तेच मिळत नाहीत. ट्रॅफिकची परवानगी रात्रीपुरती, पावसाळ्यात खोदकामाला बंदी आणि सूट फक्त तातडीच्या दुरुस्तीला, सोसायटीचा फोन, नगरसेवकाचा फोन, सुपरवायझरचा फोन. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, पाऊस सुरू असताना डोक्यावर ताडपत्रीसुद्धा न देता मला जॉइंट उरकायला सांगितलं होतं. मी ताडपत्री आल्यावरच सुरी उघडली. त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं, पण तो जॉइंट आजही चालू आहे. घाईत केलेला जॉइंट त्याच रात्री उडत नाही, हीच खरी अडचण आहे. सहा महिन्यांनी, वर्षाने उडतो. तोवर वर नवा काँक्रीट रस्ता झालेला असतो.

म्हणून मला चाळीतल्या, सोसायटीतल्या लोकांना सांगायचंय. रात्री आमच्या तंबूत दिवा दिसला तर "लाइट कधी येणार" जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याबरोबर हेही विचारा की केबल सलग बदलताय की तुकडा घालताय. केबलखाली आणि वर वाळू टाकली का, त्यावर विटा किंवा फरशा लावल्या का, की खोदलेले दगडच परत ढकलले? ११ केव्हीची केबल जवळपास ९० सेंटिमीटर खोल जायला हवी, टेप लावून बघा, कोणी अडवत नाही. जुन्या एक्सएलपीईवर डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब देऊन तपासणी करू नये, त्याने आतलं इन्सुलेशन बिघडतं, त्यासाठी कमी फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ यंत्र असतं. हे इंजिनिअरला विचारायला संकोच कशाला?

आणि काँक्रीट ओतायच्या आधी दोन गोष्टी करून घ्या. चौकाचौकांत रस्त्याखालून रिकामे पाइप टाकून ठेवा, म्हणजे पुढची केबल रस्ता न फोडता ओढता येईल. दुसरं, प्रत्येक जॉइंटची जागा मोजून, जीपीएसवर घेऊन नोंदवा आणि कोणी जोडला त्याचं नावही लिहा. माझं नाव लिहायला माझी हरकत नाही. जॉइंट कुठे आहे हे माहीत असलं तर फॉल्ट आल्यावर सगळा रस्ता उघडावा लागत नाही, एका मोटारीएवढा खड्डा पुरतो.