पीस रिव्हरला अस्वलाच्या शिकारीला जाताय? आधी बिल विचारा

पीस रिव्हर म्हणजे कॅनडात, उत्तर अल्बर्टातलं गाव. तिथे शिकारीच्या जागेपर्यंत गाइड म्हणाला 8 किलोमीटर. एटीव्हीचा (रानातून, चिखलातून चालवायची छोटी चारचाकी) मीटर बघून सांगते, 14. त्यातले शेवटचे तीन मस्केगमधून. मस्केग म्हणजे वर शेवाळाची गादी आणि खाली मांडीपर्यंत बर्फगार काळं पाणी. एटीव्ही रोज रुतायची, रोज झाडाला विंचचा (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर बांधून ओढायची. दुसऱ्या दिवशी माझा एक बूट आत राहिला तो राहिलाच. गमबूट गुडघ्यापर्यंतचे नकोत, मांडीपर्यंतचे घ्या, आणि तेही घरूनच. कॅम्पवर भाड्याने मिळतात, त्या भाड्यात इथे नवे येतील.

लेकीला पहिलं अस्वल मारायचं होतं, म्हणून मे अखेरीस मी, हे आणि लेक असे आम्ही तिघं न्यू जर्सीहून उत्तर अल्बर्टात गेलो. एडमंटनहून पाच तासांचा रस्ता उत्तम आहे, त्यावर काय लिहायचं! तिथे राहणारा शिकारी नातेवाईक नसेल तर परदेशी शिकाऱ्याला आउटफिटरशिवाय (शिकारीची सगळी सोय करणारा व्यावसायिक) शिकार करता येत नाही, म्हणजे घासाघीस करायची सोयच नाही. जाहिरातीत ‘कुटुंबासह या’ होतं. पोचल्यावर कळलं की बंदूक न घेणारा प्रत्येक जण ‘ऑब्झर्व्हर’, माणशी रोजचे 175 डॉलर. दोघांचे सहा दिवसांचे 2100! कातडं सोलायचे वेगळे, फ्रीझरचे वेगळे, त्यावर पाच टक्के जीएसटी, वर टिपेची अपेक्षा. हे वही काढून हिशेब मांडायला बसले. म्हटलं, "अहो, भांडू नका, बंदुका त्यांच्याकडेही आहेत." तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी प्रत्येक आकडा लेखी मागा.

बंदूक नेताना कॅनडाच्या कस्टम्सवर घोषणापत्र द्यावं लागतं. 25 कॅनेडियन डॉलर, 60 दिवस चालतं. घरून भरून न्या, पण सही करू नका. ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते.

दुपारी चारला ट्री स्टँडवर (झाडावरचं मचाण) चढायचं आणि साडेदहाला उतरायचं. तेव्हाही उजेड असतो. अत्तर, विक्स, डोक्याला तेल, काही नको. वाऱ्यावर वास गेला की संध्याकाळ फुकट. डासांची जाळी मात्र हवीच. समोर पिंपात अस्वलाला आमिष म्हणून ओट्स आणि शिळे डोनट, तिथे ते कायदेशीर आहे. अस्वलाच्या आकाराचा अंदाज त्या पिंपावरूनच घ्यायचा. कान लहान आणि डोक्याच्या कडेला वाटले तर मोठा नर. मोठे कान वरच उभे दिसले तर अस्वल लहान, थांबा.

तिसऱ्या दिवशी एकटं अस्वल आलं. लेकीने बंदूक उचललीही होती. गाइडने नुसती नकाराची मान हलवली. पाच मिनिटांनी मागच्या झाडावरून दोन पिल्लं उतरली. पिल्लांची आई मारता येत नाही, म्हणून आलेलं अस्वल आधी निवांत बघा. घाई करणारा गाइड असेल तर त्याचं ऐकू नका. आमचा ह्या बाबतीत चोख होता, मान्य.

पाचव्या संध्याकाळी नर आला. एक गोळी, चाळीस पावलांत पडला. लेक स्टँडवरच रडायला लागली, मीही. त्या आनंदात मी ठरवल्यापेक्षा 300 डॉलर जास्त टिप दिली. पाकीट त्या रात्री ह्यांच्याकडे ठेवायला हवं होतं.

मांस आणलं. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचे बारीक जंत असू शकतात, आणि उत्तरेकडचे काही नुसत्या गोठवण्याने मरत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांवर भरवसा नको, थर्मामीटर खुपसून आत 74 अंश सेल्सिअस झालेले बघा. मी काळ्या मसाल्यात रस्सा केला. ह्यांनी दोनदा वाढून घेतला, मला जरा उग्रच लागला.